बिब्बा : नागझिऱ्याच्या रानांतील एका झाडाची हकीकत

चांगल्या चाललेल्या कामांत कोणीं विघ्न आणलें म्हणजे ‘त्यानें बिब्बा घातला’ असें मराठी माणूस सहज म्हणून जातो. दुकानाच्या दारावर लिंबू आणि मिरच्यांच्या जोडीला एक काळें फळ दोऱ्यांत ओंवलेलें दिसतें, तें बिब्ब्याचें, हेंहि बहुतेक श्रोत्यांना ठाऊक असेल. परंतु हें फळ ज्या झाडाला येतें तें झाड ओळखणारा मनुष्य शहरांत क्वचितच भेटतो. त्या झाडाच्या फळानें बगदादपासून स्वीडनपर्यंत केवढा प्रवास केला, आणि त्या प्रवासांत त्याचें नांव शेवटीं दुसऱ्याच एका फळाच्या पदरीं कसें पडलें, ही हकीकत तर त्या झाडाच्या सावलींत वाढलेल्यांच्याहि कानांवर सहसा आलेली नसते.

गोंदिया जिल्ह्यांतील नागझिरा हें नांव आज वाघांमुळें सर्वतोमुखीं झालें आहे. १९७० सालीं तेथें अभयारण्य झालें, तेव्हां तो मुलूख भंडारा जिल्ह्यांत मोडत होता. १ मे १९९९ रोजीं गोंदिया जिल्हा वेगळा निघाला, आणि २०१३ च्या डिसेंबरांत नागझिरा, नवेगांव, कोका आदि रानें एकत्र करून नवेगांव-नागझिरा व्याघ्रप्रकल्प जाहीर करण्यांत आला. मूळ अभयारण्याचा विस्तार सुमारें १५२ चौरस किलोमीटर. झिरा म्हणजे झरा. रानाच्या पोटांत बारमाही पाणी आहे, त्या पाण्याशीं नागदेवतेचें नातें जोडलें गेलें आणि दोहोंचें मिळून रानाचें नांव झालें. आसपासच्या पिटेझरी, मंगेझरी ह्या गांवांच्या नांवांतहि झरी आहेच. ह्या दारांनीं आंत जाणारा प्रवासी वाघाच्या पावलांवर दृष्टि ठेवून जातो, व तें स्वाभाविकहि आहे. साज, धावडा, बीजा, तेंदू, मोह यांच्या दाटींत उभें असलेलें बिब्ब्याचें झाड त्याच्या नजरेंतून सुटतें.

झाड मध्यम उंचीचें, तीसचाळीस फुटांचें. पानें मोठीं, वीतभरापासून हातभरापर्यंत, टोंकाकडे रुंद होत गेलेलीं. पावसाळ्यांत हिरवट-पांढऱ्या बारीक फुलांचे तुरे येतात आणि हिंवाळ्यांत फळ पिकूं लागतें. ह्या फळाची रचना पाहण्यासारखी आहे. देंठाकडे नारिंगी रंगाचें, मांसल, गोडसर बोंड. आणि त्याच्या टोंकावर बसविल्यासारखें काळें, तुकतुकीत, काळजाच्या आकाराचें बीं. बोंड माणसें खातात, पाखरें खातात. बीं मात्र जपून हातांत घ्यावें लागतें, कारण त्याच्या टरफलाच्या पोकळ्यांत जें दाट तेल असतें तें कातडीला लागलें कीं फोड उठतात. त्यालाच आपण ‘बिब्बा उतला’ असें म्हणतों. आणि ह्या जहाल टरफलाच्या आंत पुन्हां एक पांढरा, निरुपद्रवी, चविष्ट मगज असतो. त्याचें नांव गोडंबी.

काजूचें बोंड ज्यानें पाहिलें आहे त्याला हें वर्णन ओळखीचें वाटेल, आणि तें योग्यच होय. काजू, आंबा, चारोळीचें चार, मोई आणि बिब्बा हीं सर्व एकाच कुळांतलीं झाडें. आंब्याच्या देंठाचा चीक ओंठाला लागून ज्याचें तोंड उतलें असेल त्याला ह्या कुळाच्या स्वभावाचा थोडा अनुभव आहेच. ह्या बिब्ब्याचीं जवळचीं भावंडें सह्याद्रीच्या सदाहरित रानांत, सिंहलद्वीपांत व मलायाच्या बेटांत बारा महिने ओलाव्यांत वाढतात. आपला बिब्बा मात्र त्या ओलाव्यांतून बाहेर पडून नागझिऱ्यासारख्या कोरड्या, पानगळीच्या रानांतहि रुळला आहे.

संस्कृतांत ह्याचें प्रसिद्ध नांव भल्लातक. अमरकोशांत वीरवृक्ष, अरुष्कर आणि अग्निमुखी अशीं आणखी नांवें आहेत. अरुस् म्हणजे जखम, ती करणारा तो अरुष्कर. नांवें ठेवणाराला फळाचा प्रसाद मिळालेला असावा! चरकसंहितेच्या चिकित्सास्थानांत, आरंभींच्याच रसायनाच्या अध्यायांत, भल्लातकाचे अनेक कल्प सांगितले आहेत. फळें पिकल्या जांभळासारखीं काळीं, निर्दोष, रसानें भरलेलीं निवडावीं. जवांच्या किंवा उडदांच्या राशींत चार महिने ठेवावीं. मार्गशीर्ष-पौषाच्या थंडींत प्रयोग सुरू करावा. काढा घेण्यापूर्वीं तोंडाला आंतून तूप माखावें. दहा फळांपासून चढत जाऊन तिसांच्या पुढें पाऊल टाकूं नये. ह्या सावधगिरींतच औषधाची सारी कथा येते. कफाच्या विकारांवर ह्याच्या तोडीचें दुसरें नाहीं, असा आचार्यांचा अभिप्राय. पण तें अग्नीसारखें तीक्ष्ण आहे हीहि त्यांचीच ताकीद. वैद्य लोक बीं विटेच्या चुऱ्यांत घांसून त्याचें तेल उतरवितात, ती शुद्धीची रीत. स्वतंत्र भारतांतील औषधांच्या कायद्यानेंहि भल्लातक विषारी द्रव्यांच्या अनुसूचींत घातलें आहे आणि वैद्याच्या देखरेखीखालींच तें घ्यावें असें बंधन ठेविलें आहे. घरोघरच्या आज्यांना हें बंधन ठाऊक नव्हतें. तापलेल्या सुईनें बिब्ब्याचें तेल टांचेच्या भेगेंत सोडावयाचें, दुखऱ्या सांध्यावर ठिपके द्यावयाचे, हा त्यांचा नित्याचा उपचार. आणि जुन्या पिढींतील कितीतरी माणसें ते काळे ठिपके अंगावर घेऊनच सरणावर गेलीं.

हिंदुस्थानचें वैद्यक अरबस्तानांत गेलें तेव्हां भल्लातकहि गेलें. फारसी व अरबी तोंडांतून त्याचा उच्चार ‘बलाधुर’ असा झाला. तिकडे एका विशेष गुणासाठीं त्याची कीर्ति पसरली: तें स्मरणशक्ति वाढवितें, अशी समजूत होती. दहाव्या शतकांत उत्तर आफ्रिकेंतील काइरवानचा वैद्य इब्न अल्-जज्जार यानें विस्मृति व तिचे उपाय यांवर एक पुस्तकच लिहिलें, त्यांत बलाधुराला मोठा मान आहे. विद्यार्थी, काजी, पाठांतर करणारे पंडित हें औषध घेत. कांहींना तें भोंवेहि.

त्यांपैकीं सर्वांत प्रसिद्ध गोष्ट एका इतिहासकाराची आहे. नवव्या शतकांत बगदादला अहमद इब्न याह्या नांवाचा विद्वान् होऊन गेला. खलीफा मुतवक्किल याच्या दरबारीं त्याची ऊठबस होती. अरबांनीं जिंकलेल्या देशांचा वृत्तांत त्यानें ‘फुतूह अल्-बुल्दान’ ह्या ग्रंथांत लिहिला. महंमद बिन कासीम यानें आठव्या शतकांत सिंध घेतला, त्या प्रसंगाच्या माहितीसाठीं आजहि अभ्यासकाला ह्या ग्रंथाकडे जावें लागतें. हा इतिहासकार जगाला ‘अल्-बलाधुरी’ म्हणूनच माहीत आहे. मराठींत सांगावयाचें तर ‘बिब्बेवाला’. सुमारें ८९२ सालीं तो वारला. स्मरणशक्तीसाठीं घेतलेल्या बिब्ब्याच्या रसानें त्याला वेड लागलें आणि त्यांतच त्याचा अंत झाला, अशी कथा जुने चरित्रकार देतात. रस पिणारा नातू कीं आजोबा, याविषयीं मात्र त्यांच्यांतच एकवाक्यता नाहीं. कोणीहि असो. ज्याच्या लेखणीमुळें सिंधच्या लढाया स्मरणांत राहिल्या, त्याच्या नांवावर हिंदुस्थानच्या रानांतील एका फळाचा डाग कायमचा पडला. ग्रंथकारांनीं फळाचे गुण लिहिले, मात्रा लिहिली, घेणारांचे हाल लिहिले. रानांतून तें वेचून आणणाराचें गांव लिहिण्याची चाल त्यांच्यांत नव्हती, आणि खरें पाहतां आपल्याकडेहि नव्हती.

अरबांकडून हें औषध युरोपांत गेलें. तेथें ग्रीकवरून त्याला ‘अनाकार्डिअम’ हें नांव पडलें. ‘कार्डिया’ म्हणजे हृदय, आणि बियांचा आकार तर तसाच. युरोपच्या औषधविक्यांच्या दुकानांत ‘अनाकार्डिअम’ मागितलें असतां कित्येक शतकें मिळत असे तें आपलें भल्लातक. काजू अजून अटलांटिक समुद्राच्या पलीकडे होता.

यानंतरची नोंद आपल्या घरच्या भूमीवरची आहे. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य १५३४ सालीं गोव्यास आला आणि मरेपर्यंत तेथेंच राहिला. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाच्या दरबारींहि त्याचें जाणेंयेणें होतें. हिंदुस्थानांतील औषधींविषयीं त्यानें संवादरूपानें एक ग्रंथ रचला, तो १५६३ सालीं गोव्यांतच छापला गेला. त्यांत अनाकार्डोवर एक स्वतंत्र संवाद आहे. अरब ह्याला बलादोर म्हणतात, पोर्तुगीज ‘मलाक्काची शेंग’ म्हणतात आणि देशी लोक ‘बिबो’ म्हणतात, असें ओर्ता तेथें सांगतो. गोमंतकांतील माणसाच्या तोंडचा हा शब्द जसाच्या तसा त्या पानांत उमटला आहे. ओर्ताच्या मृत्यूनंतर १५८० सालीं धर्मन्यायालयानें त्याचीं हाडें उकरून जाळविलीं. पुस्तक मात्र लॅटिन रूपांतरानें तोंवर युरोपभर गेलेलें होतें.

ओर्ताच्या ग्रंथांत काजूचा उल्लेख नाहीं, ही लक्षांत ठेवण्यासारखी गोष्ट आहे. पोर्तुगिजांनीं ब्राझिलहून काजू ह्या किनाऱ्यावर आणिला तो त्याच शतकांत. आणि ओर्तानंतर अवघ्या पंधरा वर्षांनीं, १५७८ सालीं, क्रिस्तोव्हांव द कोस्ता ह्या दुसऱ्या वैद्यानें कोचीनच्या बागांतील काजूचें वर्णन छापलें. काजू हा शब्दहि ब्राझिलच्या तुपी लोकांचा. युरोपीय पंडितांनीं हें नवें फळ पाहिलें आणि त्यांना जुन्या अनाकार्डिअमची आठवण झाली. तेंच बोंड, तेंच टोंकावरचें बीं, टरफलांत तसेंच जाळणारें तेल. मग एक पूर्वेकडचें अनाकार्डिअम आणि एक पश्चिमेकडचें, असा भेद पडला. येथवर कोणाचें कांहीं बिघडलें नव्हतें.

पुढें स्वीडनमध्यें लिनिअसनें सर्व वनस्पतींना दोन-दोन शब्दांचीं नांवें देण्याचा मोठा उद्योग केला. १७५३ च्या त्याच्या ग्रंथांत ‘अनाकार्डिअम’ हें कुलनाम काजूला मिळालें. काजू झाला ‘अनाकार्डिअम ऑक्सिडेंटाले’, म्हणजे पश्चिमेकडील अनाकार्डिअम. विशेषण राहिलें, पण ज्याच्यावरून तें पश्चिमेकडील ठरलें तें पूर्वेकडील फळ त्या नांवाखालून नाहींसें झालें! १७८२ सालीं लिनिअसच्या मुलानें बिब्ब्याला ‘सेमेकार्पस अनाकार्डिअम’ असें नांव दिलें. सेमेकार्पस म्हणजे खूण करणारें फळ. जुनें नांव शेपटासारखें मागें तेवढें उरलें. आज ह्या साऱ्या कुळाला, त्यांत आंबाहि आला, शास्त्रज्ञ अनाकार्डिएसी म्हणतात आणि आपण काजूकुळ असें त्याचें भाषांतर करितों. शास्त्रीय नांवांना नियम असतात आणि ते मोडतां येत नाहींत, हें मान्य. तरी इतिहासाच्या दृष्टीनें हें भाषांतर उलटें आहे, कारण तें नांव मुळांत बिब्ब्याचें.

लिनिअसच्या मुलानें जी खूण पाहिली ती परिटाची. बियांत सुई किंवा काडी टोंचून, आलेल्या रसानें कापडाच्या कोपऱ्यावर एक रेघ, दोन टिंबें, फुली, असें कांहीं काढावयाचें आणि त्यावर चुन्याचें पाणी लावावयाचें. रेघ काळी होई ती कायमची. भट्टींत शिजो कीं दगडावर आपटो, कापड आधीं विरे आणि खूण मागें राही. अक्षरओळख नसलेल्या परिटाची ही लिपी होती. तिच्या बळावर शेंकडों घरचे कपडे एका भट्टींत घालून तो ज्याचें धोतर त्याच्या घरीं बिनचूक पोंचवी. इंग्रजांनीं ह्यावरूनच बिब्ब्याला ‘मार्किंग नट’ म्हटलें. त्या काळ्या रंगामागील द्रव्याला हिंदी रसायनज्ञांनीं पुढें ‘भिलावनॉल’ असें नांव दिलें. जपानी कारागीर ज्या झाडाच्या चिकानें लाकडी पात्रांवर काळा लखलखीत लेप चढवितात, त्या चिकांतील द्रव्याचें हें सख्खें भावंड. तें झाडहि ह्याच कुळांतलें.

ह्या परिटाच्या खुणेनें दुसऱ्या महायुद्धांत एक मौज केली. हिंदुस्थानांत आलेल्या अमेरिकन सैनिकांपैकीं कित्येकांच्या मानेवर, कमरेवर खाज सुटून फोड येऊं लागले. कीटक म्हणावे तर ते दिसेनात. रोग म्हणावा तर तो ठराविक जागींच. शेवटीं त्यांच्या डॉक्टरांच्या ध्यानांत आलें कीं, गणवेशाच्या ज्या कोपऱ्यावर धोब्याची खूण आहे त्याच्याच खालीं फोड आहे. १९४३ सालीं त्यांनीं हें वैद्यकीय नियतकालिकांत ‘धोब्याच्या खुणेचा त्वचारोग’ ह्या नांवानें प्रसिद्ध केलें. अमेरिकेच्या रानांत पॉयझन आयव्ही नांवाची एक विषारी वेल आहे, तीहि बिब्ब्याच्याच कुळांतली. तिच्या स्पर्शानें ज्यांची कातडी घरींच एकदां दुखावली होती, त्यांना सात समुद्रांपलीकडे तिच्या भाऊबंदानें बरोबर ओळखलें. फोड उठविण्याच्या ह्या गुणाचा दुरुपयोगहि झाला: बिब्ब्यानें अंगावर काळेनिळे वळ उठवून मारहाणीची खोटी फिर्याद करण्याचे प्रकार न्यायवैद्यकाच्या ग्रंथांतून नमूद आहेत. ‘बिब्बा घालणें’ ह्या बोलीला असा अगदीं शब्दशः अर्थहि होता.

आतां पुन्हां नागझिऱ्याकडे. हीं रानें नागपूरकर भोसल्यांच्या राज्यांत होतीं. १८५३ सालीं तिसरे रघूजी वारले, राज्य खालसा झालें आणि १८६१ सालीं मध्यप्रांत निर्माण झाला. त्यामागोमाग जंगलाचे कायदे आले: १८६५ चा, १८७८ चा आणि १९२७ चा. ह्या शेवटल्या कायद्यांतील ‘वनोपज’ शब्दाची व्याख्या कोणीं शांतपणें वाचून पाहावी. लांकूड, कोळसा, कात, लाख, राळ, मोहाचीं फुलें, मोहाच्या बिया, हिरडा ह्यांचीं तेथें नांवें आहेत. हीं कोठेंहि सांपडोत, तीं वनोपजच. ज्या वस्तूंचा व्यापार मोठा, त्यांना नांव मिळालें. बिब्बा त्या यादींत नाहीं. तो ‘पानें, फुलें, फळें’ ह्या सर्वसाधारण शब्दांच्या पोटांत गेला. ज्या फळानें अर्ध्या जगाच्या भाषांत शब्द पेरला, त्याला घरच्या कायद्यांत स्वतःचें नांव लाभलें नाहीं.

रानाकांठच्या गोंड, हलबा, गोवारी कुटुंबांना नांवाची गरज नव्हती. बोंडें खावयाचीं, बिया बाजारांत घालावयाच्या, एवढा त्यांचा व्यवहार. शेजारच्या छत्तीसगढांत आषाढ सरतां येणाऱ्या हरेलीच्या अंवसेला भेलव्याची, म्हणजे बिब्ब्याची, डहाळी धानाच्या बांधींत रोंवतात व दारावर खोंवतात; पिकाला आणि घराला दृष्ट लागूं नये हा हेतु. शहरांतील दुकानाच्या दारावरचा बिब्बा ह्याच जुन्या समजुतीचा वंशज होय. अभयारण्य झालें, १९७२ चा वन्यजीव कायदा आला, आणि आंतलें फळ वेचण्यावर निर्बंध पडले. २००६ च्या वनहक्क कायद्यानें रानांत पिढ्यान् पिढ्या राहणारांचा गौण वनोपजावरील हक्क मान्य केला. वाघाला निवांत रान हवें हें खरें. रान ज्यांनीं राखलें त्यांना त्यांतलें फळ हवें हेंहि खरें. दोन्ही कायदे एकाच देशाचे आहेत, आणि त्यांची गांठ अजून नीटशी बसलेली नाहीं.

रानांतून निघालेला बिब्बा पुढें जातो तो फोडणारांकडे. वऱ्हाडांत व मराठवाड्यांत कित्येक गांवीं बिबे फोडून गोडंबी काढण्याचा धंदा आहे, आणि तो बहुतांशीं स्त्रियांच्या हातांत आहे. एकेक बीं दगडावर धरून दुसऱ्या दगडानें ठेचावयाचें, टरफल बाजूला टाकावयाचें, मगज अखंड काढावयाचा. तेल उडतें, हातांना लागतें, डोळ्यांपर्यंत जातें. त्यावर उपाय म्हणजे हातांना चोळलेली राख. टरफलाचें तेल रंगरोगणाच्या कामीं जातें. गोडंबी किराणा दुकानांत काजूच्या शेजारच्या बरणींत बसते आणि थंडींत डिंकाच्या लाडवांत पडते. चरकाचार्यांनीं तुपानें तोंड माखावयास सांगितलें तें औषध घेणाराला; फोडणारणीचा विचार कोणत्याहि संहितेंत आलेला नाहीं. संध्याकाळीं ती हात धुते, पण हें तेल पाण्यानें सहसा निघत नाहीं, आणि त्याच हातांनीं भाकरी थापावयाची व लेंकरूं उचलून घ्यावयाचें असतें. म्हणून अशा घरांत बाईच्या बोटांबरोबर लहान मुलाच्या गालावरहि बिब्बा उतण्याचें भय असतें.